एचआयव्हीच्या पेशंटला हेपॅटायटिस सी निघाला तर

अगं,

तुझा मेसेज वाचला, वाशीहून ठाण्याला येताना ट्रेनमध्येच टाइप केलेला दिसतोय. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या सेंटरवर काउन्सेलर म्हणून लागल्या लागल्या एचआयव्हीसोबत हेपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरचं व्हायरसचं इन्फेक्शन, निघालेला पेशंट समोर आला आणि काय बोलावं सुचलं नाही, होतं असं, पण हा पेशंट हातातून सुटू देऊ नकोस एवढं कळकळीने सांगते.

आधी हे बघ की तुझ्याकडे आलाय तो सीच्या अँटीबॉडीचा, म्हणजे व्हायरसविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांचा रिपोर्ट आहे. व्हायरस कधीतरी शिरला होता एवढंच त्यातून कळतं, आत्ता आहे की नाही ते कळत नाही. काहींचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत त्याला आपणहून काढून टाकतं, एचआयव्ही असेल तर असं कमी जणांत होतं. म्हणून सीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ते बघणारी टेस्ट, करायचाच, आणि त्याला नीट समजाव की हा एचआयव्हीच्या व्हायरल लोडहून वेगळा, नाहीतर तो म्हणणार व्हायरल लोड तर मागेच केला की. शक्यतो त्याच दिवशी रक्त घ्यायला लाव, पुढच्या वेळी या म्हटलं की आपली माणसं येत नाहीत, एका दिवसाचा खाडा परवडत नाही त्यांना. आणि सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, फार खाली असेल तर अँटीबॉडी निगेटिव्ह येऊनही आत व्हायरस असू शकतो, लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीपीटी वारंवार वाढलेलं दिसलं तर डॉक्टरांच्या कानावर घाल.

तुर्भ्याचा एक मुलगा, ट्रकवर क्लीनर, माझ्यासमोर बसला होता. रिपोर्टची बारीक घडी करून एआरटीच्या डबीसोबत प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली. एकच विचारलं त्याने, "मॅडम, ही पण गोळी आयुष्यभर का?" एचआयव्हीसोबत जगणाऱ्याला आजार जातो यावर विश्वासच बसत नाही गं, म्हणून हे त्याला दोनदा-तीनदा सांगावं लागतं की हेपॅटायटिस सी पूर्ण बरा होतो. बहुतेकांना 12 आठवडे रोज गोळ्या, सोफोसबुविरसोबत डॅक्लाटास्विर नाहीतर वेल्पाटास्विर, आणि 100 मधले 95 च्या आसपास बरे होतात, एचआयव्ही असला तरी. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं 48 आठवडे घ्यायची, ताप, अंगदुखी, डोक्यात निराशा, आणि एवढं सोसून एचआयव्हीवाल्यांमधले निम्मेसुद्धा बरे व्हायचे नाहीत. आता 2018 पासून राष्ट्रीय हेपॅटायटिस कार्यक्रमात टेस्ट आणि गोळ्या फुकट मिळतात.

मला काही त्रास नाही मग घाई कशाला, असं तो म्हणेल. एचआयव्ही सोबत असला की लिव्हर लवकर कडक होत जातं, दुखत काहीच नाही, आणि पोटात पाणी झाल्यावर माणूस येतो तेव्हा खूप उशीर झालेला असतो. दारू बंद, काविळीचं झाडपाल्याचं औषधही बंद, हे स्पष्ट सांग.

तुझं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे त्याच्या चालू गोळ्यांची पूर्ण यादी, डबी हातात घेऊन. टीएलडीवर, म्हणजे एचआयव्हीच्या आत्ताच्या नेहमीच्या गोळीवर, असेल तर सहसा अडचण येत नाही. जुना पेशंट अजून एफाविरेन्झ या एचआयव्हीच्या जुन्या गोळीवर असेल तर वेल्पाटास्विर चालत नाही आणि डॅक्लाटास्विर 60 च्या जागी 90 मिलिग्रॅम लागतं, अटाझानाविर-रिटोनाविर या एचआयव्हीच्या गोळ्या असतील तर 30. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर सीच्या गोळ्या सुरूच करायच्या नाहीत. अ‍ॅसिडिटीची गोळी तर आपण होऊन कोणी सांगत नाही, ती विचार, वेल्पाटास्विरचा असर कमी होतो तिने. डोस ठरवणार डॉक्टर, पण डबी बघणारी तू आहेस. हेपॅटायटिस बीची टेस्ट झाली का तेही बघ, सी जाताना दबलेला बी उसळू शकतो.

नशेची सुई घेणारा असेल तर ओरडू नकोस. सुई नवी वापरतो म्हणेल, पण चमचा, कापूस, पाणी एकच असतं चौघांत, त्यातूनही सी पसरतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. नशेऐवजी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देणाऱ्या सेंटरला जोडून दे. नशा सुटेपर्यंत सीचा इलाज थांबवायचं मात्र काही कारण नाही.

गोळ्या संपल्या की लोक गायब होतात. बरा झाला की नाही ते कळतं शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी केलेल्या व्हायरल लोडवरून, तर ती तारीख एआरटीच्या कार्डावरच लिही, गोळ्या न्यायला येईल तेव्हा दिसेल. नंतर अँटीबॉडी पॉझिटिव्हच राहणार, त्याला आधीच सांगून ठेव नाहीतर कुठल्यातरी लॅबचा रिपोर्ट बघून रडत येईल. आणि एकदा बरा झाला तरी सी परत लागू शकतो, सुई चालू असेल तर वर्षातून एकदा तरी व्हायरल लोड. लिव्हर आधीच सिरोसिसपर्यंत, म्हणजे पार कडक होण्यापर्यंत, गेलं असेल तर बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

शनिवारी ठाण्यात असशील तर घरी ये, रजिस्टरमधून अँटीबॉडी पॉझिटिव्ह येऊन व्हायरल लोड न झालेल्यांचे नुसते नंबर लिहून आण, नावं नकोत, कोणाला आधी फोन करायचा ते बसून ठरवू.

तुझी ताई