डॉक्टरांचे कागद आणि ‘एक्स’ नावाचं औषध

प्रश्न : केमोथेरपीचा इतिहास वाचतोय. जुने शोधनिबंध तर छापील मिळतात. मग त्या डॉक्टरांची पत्रं, टिपणं, केसपेपर अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी खोकीच्या खोकी भरून कशाला जपायचे? आणि माझ्यासारख्या बाहेरच्याला ते बघायला मिळतात का?

उत्तर : अशी खोकी लावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे ‘कशाला’ वाचून आधी जरा चिडलेच. मग येल विद्यापीठातला केसपेपर आठवला.

१९४२ साली येलमध्ये कर्करोगाच्या एका रुग्णाला शिरेतून नायट्रोजन मस्टर्ड हे केमोथेरपीचं सुरुवातीचं औषध दिलं गेलं. रुग्णाची ओळख एवढीच : जे. डी. जबड्याभोवती, मानेत गाठी, घास गिळवत नव्हता, रेडिएशनचा गुण येईनासा झालेला. हे औषध युद्धातल्या विषारी वायूंवरच्या संशोधनातून आलेलं, म्हणून सगळं गुप्त. त्यावर काम करणाऱ्या गुडमन आणि गिलमन या येलच्या औषधशास्त्रज्ञांचं काम छापायला १९४६ उजाडलं. पुढे पहिला डोस डिसेंबर १९४२मधला, असं ठिकठिकाणी छापून आलं. एकाचं वाचून दुसऱ्यानं लिहिलं, दुसऱ्याचं वाचून तिसऱ्यानं.

जवळजवळ सत्तर वर्षांनी येलच्याच दोन सर्जनांनी मूळ केसपेपर हुडकून काढला. त्यात तारीख निघाली २७ ऑगस्ट, सकाळी दहा. औषधाचं नाव ‘एक्स’. गाठी ओसरल्या, मान वळू लागली, मग रक्तातल्या पेशी घसरल्या आणि गाठी परतल्या. १ डिसेंबरला जे. डी. गेला. ज्या महिन्यात उपचार सुरू झाले म्हणून आपण वाचत होतो, त्याच्या पहिल्याच दिवशी!

आता बघायला मिळण्याचं. संग्रहाची सूची बहुतेक वेळा ऑनलाइन असते. तीतला पेटी आणि फोल्डर क्रमांक लिहून तिथल्या अभिलेखपालांना, म्हणजे जुने कागद सांभाळणाऱ्यांना, कळवा. नुसतं ‘सगळं दाखवा’ म्हणू नका, आम्हाला त्याचा फार राग येतो. रुग्णाची माहिती असलेले कागद मात्र सहज हाती येत नाहीत. अमेरिकेच्या कायद्यानं ती मृत्यूनंतर ५० वर्षं संरक्षित असते आणि काही संस्थांचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत.

आणखी एक. कागद डॉक्टरच्या इस्पितळातच असतील असं धरून चालू नका. जेन राइट यांनी कर्करोगावरच्या औषधांचं काम न्यूयॉर्कमध्ये केलं, १९६४मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांची संघटना काढणाऱ्या सात जणांत त्या एकट्या बाई. त्यांचे कागद आहेत स्मिथ कॉलेजात, जिथे त्या शिकल्या. पत्रांचंही तसंच : डॉक्टरनं लिहिलेलं मूळ पत्र ज्याला गेलं त्याच्या खोक्यात सापडतं, लिहिणाऱ्याच्या खोक्यात राहते ती पातळ कागदावरची कार्बन प्रत, तीही टाइपिस्टनं ठेवली असेल तर. म्हणून एका डॉक्टरचा शोध घेताना त्याच्या मित्रांची आणि, खरं सांगू, भांडखोर सहकाऱ्यांचीही सूची चाळा.