भाच्याचा रूममेट स्वतःला सैतानवादी म्हणवतो. काळजी करावी का?

भाचा अमेरिकेत शिकतोय, त्याच्या खोलीतला मुलगा सैतानवादी आहे, हे लोक रात्री नेमकं काय करतात, असं तुम्ही विचारलंय. पूजा तरी बहुधा करत नसावा. खरोखर सैतानाला मानणारे लहानसहान गट आहेत, पण बोलबाला नास्तिकांचा. सैतान आहे असंच ते मानत नाहीत, मग आरती कुणाची करणार?

मी बॉस्टनजवळ राहतो. इथून जवळच सेलम. १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून तिथे १९ जणांना फासावर चढवलं होतं. त्याच गावात आज 'सटॅनिक टेंपल' या सैतानवाद्यांच्या संघटनेचं मुख्यालय आहे, तेही प्रेतांच्या अंत्यविधीची तयारी करणाऱ्यांच्या जुन्या घरात. तिकीट काढून गेलो होतो. आत बाफोमेटची, म्हणजे सैतानाचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या बोकडमुखी आकृतीची, साडेआठ फुटी ब्राँझची मूर्ती: बोकडाचं डोकं, पंख, दोन बोटं वर. नजर अडकली ती दोन्ही बाजूंच्या पोरांवर. एक मुलगा, एक मुलगी, आजोबा गोष्ट सांगताहेत अशा चेहऱ्याने वर बघताहेत. लोकांना बसता यावं म्हणून मांडी मोकळी ठेवलीय. मीही बसलो. (आईला फोटो दाखवलेला नाही.)

मूर्ती घडवली ती मात्र ओक्लाहोमासाठी. तिथल्या विधानभवनाच्या आवारात बायबलमधल्या दहा आज्ञांचा शिलालेख बसवला होता. टेंपलवाले म्हणाले, मग शेजारी आमचाही देव बसवा! २०१५ मध्ये, दुसऱ्यांनीच केलेल्या दाव्यात, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिलालेख हलवायला लावला आणि यांनीही मागणी सोडली. सरकारने एकाही धर्माची बाजू घेऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

वारसा म्हणाल तर तो पोथ्यांपेक्षा कवितेतला. इंग्रज कवी मिल्टनच्या १६६७ च्या महाकाव्यातला, देवापुढे मान न तुकवणारा सैतान पुढे ब्लेक, शेलीसारख्या कवींना बंडखोर म्हणून भावला. त्याची रीतसर संघटना केली अँटन लावेने, १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत. घर काळं रंगवलेलं, डोक्याचा तुळतुळीत गोटा. शिकवण अशी की स्वतःचं सुख बघा, त्याची लाज बाळगू नका आणि दुबळ्यांची कीव करत बसू नका. मला तो माणूस निम्मा सर्कसवाला वाटतो.

२०१३ मध्ये निघालेल्या सटॅनिक टेंपलची सात तत्त्वं वेगळी आहेत. पहिलंच करुणेचं. माझ्या शरीरावर हक्क माझाच, श्रद्धा विज्ञानाला धरून असावी, चूक झाली तर ती निस्तरावी, असं पुढे येतं.

लहान मुलांचे बळी वगैरे ऐकलं असेल, तर ते १९८० च्या दशकातल्या अमेरिकन घबराटीतून आलेलं. कॅलिफोर्नियातल्या एका बालवाडीवरचा खटला वर्षानुवर्षं चालला, १९९० मध्ये संपला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. तोवर माणसं तुरुंगात राहून आली होती.

रूममेट लावेवाला की टेंपलवाला, एवढं भाच्याला विचारायला सांगा. टेंपलवाला निघाला, तर रात्री बारा वाजता अमेरिकन राज्यघटनेवर व्याख्यान ऐकायची तयारी ठेवावी लागेल.