रेमिंग्टन मॉडेल ८ : स्वयंचलित की अर्धस्वयंचलित?

‘द हायवेमेन’ (२०१९) या चित्रपटाची मराठी उपशीर्षके करताना पडलेला प्रश्न असा आहे: त्यातला माजी पोलीस अधिकारी फ्रँक हेमर याच्या रेमिंग्टन मॉडेल ८ला ‘स्वयंचलित’ रायफल म्हणावे का?

म्हणू नये. ‘स्वयंचलित’ म्हटले की चाप दाबून धरला तर गोळ्या सुटतच राहतात, असेच आपण समजतो. मॉडेल ८मध्ये एकदा चाप ओढला की एकच बार. पुढच्या बारासाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. आपोआप होते ते फक्त भरणे.

गोंधळ जुनाच आहे. १९०६ साली ही शिकारी रायफल बाजारात आली ती ‘ऑटोलोडिंग’, म्हणजे आपोआप भरणारी, या नावाने. ‘मॉडेल ८’ हे नाव १९११मधले. जॉन ब्राउनिंगची ही रचना फार देखणी आहे. बार झाला की नळी आणि बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) एकमेकांत अडकलेल्या स्थितीत मागे सरकतात. मग बोल्ट मागेच थांबतो, नळी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर उडते आणि पुढे येणारा बोल्ट नवे काडतूस नळीत सारतो. सरकणाऱ्या नळीवर बाहेरून एक नळकांडे असते. त्यामुळे पडद्यावर ही रायफल नळीपाशी जाडजूड दिसते, आणि तीच तिची खूण.

भरण्याच्या रीतीवरून नाव देणे मराठीला नवे नाही. ‘ठासणीची बंदूक’ हा किती नेमका शब्द आहे! आपल्या पोलिसांची एसएलआर म्हणजेही सेल्फ लोडिंग रायफल. त्या चालीवर ‘स्वयंभरणी रायफल’ हा शब्द मला मनापासून आवडतो. लेखात तो जरूर वापरावा. उपशीर्षक मात्र दोन क्षणांत पुसले जाते, तिथे वृत्तपत्रांनी रुळवलेला ‘अर्धस्वयंचलित’ बरा.

हा फरक इथे पाळायलाच हवा. २३ मे १९३४ रोजी लुईझियानात बॉनी आणि क्लाइड या दरोडेखोर जोडीसाठी दबा धरलेल्या हेमरच्या पथकाकडे ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफलही होती. तीही ब्राउनिंगचीच, पण खरोखर स्वयंचलित. दोन्हींना एकच शब्द लावला तर प्रसंग सपाट होतो. ‘फैरी झाडल्या’ हे ब्राउनिंग ऑटोमॅटिकसाठी राखावे; मॉडेल ८चा आवाज आला की ‘बार काढला’, फार तर ‘लागोपाठ बार काढले’.