बाबांच्या गोळ्यांचं मुलाला सांगायचं कधी?

सिडनीच्या ताई,

तुम्ही लिहिता, "मिस्टरांना बायपोलर (कधी खोल नैराश्य, तर कधी उन्माद, म्हणजे अति उत्साहाचं उधाण, असा मनाचा आजार) आहे, लिथियमच्या गोळ्यांवर छान चाललंय. सायकियाट्रिस्टनी विचारलं, १७ वर्षांच्या मुलाला अशा घरांतल्या मुलांवरच्या संशोधनात घालता का? पण मग त्याला बाबांचं कळेल!"

अहो, कळू दे की! लिथियममुळे बाबा सारखे रक्त तपासायला का जातात, हे त्या पोराला दिसत नाही? गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव त्याने फोनवर केव्हाच शोधलं असेल. तुमची घालमेल समजते मला. आपण सगळेच "घरातलं घरात" शिकून विमानात बसलो. पण हे झाकून ठेवणं महागात पडतं.

तुमच्याच शहरात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात प्रा. फिलिप मिचेल यांच्या गटाने आई-वडील किंवा भावंडांना बायपोलर असलेल्या १२ ते ३० वयाच्या मुलांचा असा अभ्यास केलाय. मुलाखती, मेंदूचा एमआरआय, आणि काही वर्षांनी पुन्हा बोलावणं. कॅनडात अ‍ॅन डफी यांनी अशी मुलं वर्षानुवर्षं पाहिली. ज्यांना आजार झाला, त्यांच्यात बहुधा नैराश्य आधी आलं, उन्माद नंतर.

इथेच गोम आहे. डॉक्टरला नुसतं नैराश्य दिसतं. घरचा इतिहास माहीत नसेल तर तो नुसतं अँटिडिप्रेसंट (नैराश्यावरचं औषध) देतो आणि त्याने उन्माद उसळू शकतो. माझ्या मामेभावाचं तेच झालं. मामाला हाच आजार; तो आजारी पडला की आम्हा पोरांना "हवापालटाला गेलाय" एवढंच सांगत. भाऊ अमेरिकेत एमएस करताना खचला. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला? हा छातीठोकपणे म्हणाला, "नाही." खोटं नव्हता बोलत बिचारा! गोळ्या सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत रात्री तीनला फोन करून नातेवाइकांना न काढलेल्या कंपनीचे शेअर वाटू लागला.

तेव्हा आधी सांगा, बाबांनीच सांगावं. आकडाही सांगा: आई किंवा वडिलांना असेल तर शंभरातल्या साधारण पाच ते दहा मुलांना होतो, म्हणजे नव्वद किंवा त्याहून जास्त सुटतात. अभ्यासात जायचं की नाही, हे मग त्याचं त्याला ठरवू द्या.

सासूबाई म्हणतात "लग्न कसं जमणार?" त्याची बारावी तर होऊ दे! विम्यावर परिणाम होईल का, हे अभ्यासवाल्यांनाच लेखी विचारा.