प्रश्न तुमचे: नव्या इलेक्ट्रिक गिटारची खरखर

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत: तार छेडली की येणारी खरखर. बहुतेक वेळा ती तार फ्रेटला (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) घासून होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण तिथली मोजमापं पुढेही लागणार आहेत.

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी स्ट्रॅट पद्धतीची (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची) नवी इलेक्ट्रिक गिटार मागवली. जाड ई आणि ए या तारा पहिल्या पाच फ्रेटपर्यंत खरखरतात. जवळच्या दुकानात ब्रिजवरचे (तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या घोडीवरचे) स्क्रू वर करून दिले. खरखर थोडी कमी झाली, पण आता बाराव्या फ्रेटच्या पुढे तार दाबताना बोटं दुखतात. तारा ९-४२ (सर्वांत बारीक ०.००९ इंच, सर्वांत जाड ०.०४२ इंच) आहेत. गिटारच सदोष आहे का?
— वाचक, नाशिक

उत्तर: सदोष असेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. खरखर कुठे येते ते तुम्ही नेमकं लिहिलंत, त्यातच निम्मं निदान झालं. जाड तारांवर, फक्त सुरुवातीच्या चार-पाच फ्रेटना खरखर म्हणजे बहुतेक वेळा नेक (गिटारची मान) गरजेपेक्षा सरळ झालेला असतो किंवा मागे झुकलेला असतो.

छेडलेली तार दोन्ही टोकांना जवळजवळ स्थिर असते आणि मध्यावर सर्वांत जास्त फाकते. तिला तेवढी जागा मिळावी म्हणून नेकला किंचित खोलगट बाक दिलेला असतो. त्याला रिलीफ म्हणतात. हा बाक गेला की खालच्या फ्रेटवर दाबलेली तार पुढच्या फ्रेटच्या डोक्याला लागते. दुकानातला उपाय अपुरा का पडला तेही यातून कळेल. ब्रिजवर तार १ मिमी उचलली तर ती बाराव्या फ्रेटवर ०.५ मिमी उचलली जाते, तिसऱ्या फ्रेटवर मात्र जेमतेम ०.१६ मिमी. दुखणं एका टोकाला आणि औषध दुसऱ्या टोकाला, अशी गत झाली. म्हणून क्रम कधीही मोडू नका: आधी नेक, मग ब्रिज, नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) सर्वांत शेवटी.

मोजण्याआधी गिटार नेहमीच्या सुरात लावून घ्या. तारा सैल असताना घेतलेलं माप निरुपयोगी असतं. गिटार टेबलावर उताणी ठेवू नका, वाजवताना धरता तशी मांडीवर धरा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून ठेवा. आता ताणलेली तारच तुमची सरळपट्टी झाली. आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची कड यांच्यात किती फट आहे ते फीलर गेजने बघा. बाइकचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात तेच हे गेज, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. फिंगरबोर्डच्या गोलाईची त्रिज्या ९.५ ते १२ इंच असेल तर फेंडर कंपनी ०.२५ मिमी फट ठेवायला सांगते. जुन्या धाटणीच्या ७.२५ इंची गोलाईला ०.३० मिमी. गेज नसेल तर ८० जीएसएमच्या झेरॉक्स कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी धरा. कागदाचे दोन थर सहज सरकले आणि तिसऱ्याने तार हलली, तर माप ठीक आहे. तुमच्या गिटारवर बहुधा एक थरही आत जाणार नाही.

तसं असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक ठरवणारी सळई) सैल करायचा. रॉडच्या टोकाच्या नटाकडे (हा पेचाचा नट, तारांच्या खाचांचा नव्हे) समोरून बघत ॲलन की घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. की गिटारसोबत आलेलीच वापरा. इंचाच्या मापाच्या नटात जवळपास बसणारी मिलिमीटरची की घातली तर कोपरे घासून गोल होतात, आणि मग पाव फेऱ्याचं काम हजारोंच्या दुरुस्तीवर जातं. की तळापर्यंत बसली पाहिजे. घसरतेय असं वाटलं तर तिथेच थांबा. पाव फेऱ्यानंतर पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. लाकूड सावकाश वळतं, म्हणून शेवटचं माप दुसऱ्या दिवशी घ्या. साध्या, एकाच दिशेने काम करणाऱ्या रॉडचा नट पूर्ण मोकळा होऊनही फट पडली नाही, तर मात्र नेकच मागे वळलेला आहे. ते काम घरी करायचं नाही, गिटार वॉरंटीत परत पाठवायची.

रिलीफ जमला की कॅपो काढा आणि ब्रिजकडे या. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेल्या स्टीलच्या पट्टीने मोजा. १.६ मिमी हे चांगलं सुरुवातीचं माप आहे. जोरात स्ट्रमिंग करत असाल तर जाड ई १.८ ते २ मिमीवर ठेवा. सॅडलचे (ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असलेल्या तुकड्याचे) बारीक स्क्रू आशियाई बनावटीच्या गिटारींत बहुतेक १.५ मिमी कीचे असतात. एका सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखेच फिरवा, नाहीतर सॅडल तिरकं होतं आणि तार सरकते. उंची बदलली की बाराव्या फ्रेटचा स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) ट्यूनरवर जुळतात का ते बघायला विसरू नका.

नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यातून गिटार भर पावसाळ्यात गेली की नेक हलणारच. वर्षातून दोनदा, जून-जुलैत आणि थंडीत, रिलीफचं हे एकच माप घेत जा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: रिलीफ आणि ॲक्शन (तारांची उंची) दोन्ही मोजून बरोबर केले. तरी जी (G) तार दहाव्या फ्रेटवर दाबली की खरखर येतेच, बाकी कुठेही नाही. एक कारागीर म्हणतो, सगळे फ्रेट घासून सपाट करावे लागतील. गिटार चार महिन्यांची आहे.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर: घासू देऊ नका, निदान आत्ता तरी. एकाच जागी येणारी खरखर म्हणजे संशय एकाच फ्रेटवर. दहाव्यावर दाबलेली तार ब्रिजच्या बाजूच्या फ्रेटला लागते, म्हणजे अकरावा उंच असावा. पण नवव्यावर दाबूनही ऐका. तिथेही थोडी खरखर असेल तर अकरावा उंच. फक्त दहाव्यावरच असेल तर दहावा स्वतःच बसका किंवा पोचा पडलेला असू शकतो.

खात्री करायला जुनं, न वाकलेलं एटीएम कार्ड पुरतं. त्याची आखूड बाजू ५४ मिमी आहे. साडेपंचवीस इंच स्केलच्या (नटापासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर दहाव्यापासून बाराव्यापर्यंत साधारण ४० मिमी अंतर भरतं, म्हणजे आखूड बाजू बरोबर तीनच फ्रेटवर टेकते. जी (G) तारेखाली, तारेच्या दिशेने, कार्ड उभं धरून १०, ११, १२ वर टेकवा आणि दोन टोकं आळीपाळीने हलकेच दाबा. कार्ड डुगडुगलं, बारीक टक-टक आली, तर अकरावा उंच. हे सहाही तारांखाली करा, कारण फ्रेट बऱ्याचदा फक्त एखाद्याच जागी उचललेला असतो. पहिल्या सहा फ्रेटना कार्डाची लांब बाजू घ्यावी लागेल, चौदाव्याच्या पुढे त्याहून छोटा तुकडा.

आता लाकडी काडीच्या टोकाने अकरावा फ्रेट खाली दाबून धरा आणि कार्ड पुन्हा टेकवा. डुगडुग थांबली तर फ्रेट खाचेतून सुटलेला आहे. तो लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकायचा आणि कडेने पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडायचा. अनुभवी हाताला अर्धा तास लागतो. फ्रेट घट्ट बसलेला असूनही उंच असेल तर तेवढाच एक घासून त्याचा माथा पुन्हा गोल करतात. बाकीच्या सगळ्या चांगल्या फ्रेटचा धातू एका फ्रेटसाठी कमी करणं म्हणजे गिटारचं आयुष्य फुकट कापणं. शिवाय गिटार चार महिन्यांचीच आहे. कानस लागली की वॉरंटी गेली असं समजा. आधी विक्रेत्याला लिहून कळवा, दहाव्या फ्रेटवरच्या आवाजाचा छोटा व्हिडिओ जोडा.

प्रश्न: माझ्या गिटारची खुली बी तार सतारीसारखी झणझणते. कॅपो लावला किंवा कुठल्याही फ्रेटवर दाबली की आवाज स्वच्छ.
— विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: तुलना अगदी नेमकी केलीत. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा मुद्दाम अलगद उतरता घासतात, म्हणजे तार एका बिंदूवर न सुटता पृष्ठभागाला चाटत सुटते. तीच जवारी. तुमच्या गिटारच्या नटाने नको असताना जवारी धरली आहे. दाबल्यावर आवाज स्वच्छ होतो, म्हणजे नेक, ब्रिज, फ्रेट सगळे निर्दोष. उरतो नट.

दोन शक्यता आहेत. बी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर तारेला बोटाने टिचकी द्या. केसाएवढी फट असेल तर बारीक ‘टिक’ ऐकू येईल. टिक नाही म्हणजे खाच जास्त खोल गेली आहे आणि तार पहिल्या फ्रेटला घासते. टिक येते तरी झणझण आहे, म्हणजे खाचेचा उतार चुकला आहे. खाचेचा सर्वांत उंच बिंदू फिंगरबोर्डच्या बाजूच्या कडेला हवा आणि तिथून तळ खुंट्यांकडे उतरत जायला हवा. उंच बिंदू मागे राहिला की पुढची सगळी खाच तारेला चाटते.

दुसऱ्या प्रकारात आधी एक फुकटचा उपाय करून बघा. तार पुन्हा चढवताना खुंटीवर दोन-तीन वेढे वरून खाली घ्या. तार नटावरून जास्त तिरकी उतरते, खाचेत घट्ट बसते, आणि कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. खोल खाचेत खाण्याचा सोडा आणि सुपरग्लू भरून ती पुन्हा कोरण्याची युक्ती चालते, पण टिकत नाही. खाच कोरायला तारेच्या जाडीची नट फाइल लागते. घरातल्या कानशीने ती रुंद होते आणि मग तार आत हलते. हे काम दुरुस्तीवाल्याकडेच द्या आणि हाडाचा नवा नट बसवून घ्या.

प्रश्न: आमच्या वृंदात गायिकेची पट्टी काळी दोन (डी शार्प). खुल्या ई कॉर्डची पकड तशीच राहावी म्हणून मी सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवतो. उतरवल्या की सगळीकडे खरखर. ट्रेमोलो (दांडीने हलणारा) ब्रिज, तारा ९-४२.
— वाचक, ठाणे

उत्तर: अर्धा स्वर उतरवला की ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो, पूर्ण स्वर उतरवला की २१ टक्क्यांनी. सैल तार जास्त फाकते, कमी ओढीमुळे नेक सरळ होतो, आणि तरंगता ब्रिज असेल तर मागच्या स्प्रिंगा वरचढ होऊन तो बॉडीकडे बसतो, सॅडलही त्याच्यासोबत खाली जातात. तिन्ही गोष्टी खरखरीच्याच बाजूच्या.

१०-४६ तारा घ्या. पहिली तार ९ ऐवजी १० केली की त्याच सुरात ताण २३ टक्के वाढतो, म्हणजे काळी दोनवरही तुमच्या ९ च्या तारेच्या नेहमीच्या (न उतरवलेल्या) सुरातल्या ताणापेक्षा सुमारे १० टक्के जास्तच राहील. मग ब्रिज उलट पुढे उचलला जाईल. मागच्या झाकणाखाली स्प्रिंगांचा पंजा धरणारे दोन लांब स्क्रू अर्धा अर्धा फेरा आवळून तो पूर्वीच्या पातळीवर आणा. त्यानंतर पहिल्या उत्तरातला सेटअप काळी दोनच्याच सुरात करा. एकाच गिटारवर दर कार्यक्रमाला सूर वरखाली करत राहिलात, तर सेटअप कुठल्यातरी एका सुराचाच नीट बसेल.

प्रश्न: माझी खरखर जागा बदलते! ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर येते, जाड ईच्या दहाव्यावर येते, आणि खुल्या डीवरही येते.
— वाचक, मडगाव

उत्तर: जागा बदलते, स्वर बदलत नाही. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही जागा डीच आहेत. म्हणजे फ्रेटचा काही संबंध नाही. त्या स्वराला एखादा सैल भाग कंप पावतो आहे. तो स्वर कुणाला तरी सतत वाजवायला सांगा आणि एकेका भागावर बोट टेकवत जा: खुंट्यांचे वरचे नट (बहुतेक १० मिमी पाना लागतो), सॅडलचा ताण नसलेला एखादा स्क्रू, मागच्या स्प्रिंगा, पट्ट्याची बटणं. ज्यावर बोट टेकताच आवाज थांबेल तोच सैल. स्क्रू असेल तर आवळा, स्प्रिंग असेल तर तिच्या पोकळीत स्पंजची पातळ पट्टी सरकवा.