डॉलर खोऱ्यातला, रुपया ठशातला

प्रश्न असा आलाय: 'डॉलर हे नाव म्हणे एका चांदीच्या खाणीवरून पडलं. मग रुपया कुठल्या खाणीवरून? आणि आमच्या हुपरीत एवढी चांदी घडते, तर इथं जवळपास कधी खाण होती का?' विचारणाऱ्या बाई हातकणंगले तालुक्यात शिकवतात. सातवीतल्या एका पोरानं त्यांना भर वर्गात अडवलं, हे त्यांनीच कळवलंय. असं पोर वर्गात असणं भाग्याचं.

आधी शेवटचा प्रश्न. नाही, इथं चांदीची खाण नव्हती. आपल्या पायाखाली लाव्ह्याचा काळा दगड, राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवर जांभा आणि बॉक्साइट. हुपरीत आटणीला येणारी चांदी बाहेरची. तिथल्या लोकांनी नाव कमावलं ते पैंजण-वाळ्यांच्या हातकामावर. भारतात आज जी चांदी निघते तिचाही मोठा भाग राजस्थानात, शिसं आणि जस्ताच्या खनिजाबरोबर येतो. निव्वळ चांदीसाठी डोंगर पोखरावा, अशा जागा जगात मोजक्याच.

त्यातलीच एक डॉलरची. आजच्या चेक प्रजासत्ताकात, जर्मनीच्या सीमेला लागून एक डोंगररांग आहे. तिच्या एका अरुंद खोऱ्यात 1516 मध्ये चांदीच्या मागं लागलेल्या लोकांनी गाव वसवलं. संत योआखिमच्या नावानं त्याला म्हणू लागले योआखिमस्टाल, म्हणजे योआखिमचं खोरं. (आताचं चेक नाव याखिमोव.) चांदी इतकी लागली की वीसेक वर्षांत वस्ती 18,000 च्या घरात गेली. त्या बोहेमिया राज्यात प्रागखालोखाल हेच मोठं गाव. मालक श्लिक घराणं. त्यांनी 1520 च्या सुमाराला तिथंच टाकसाळ घालून सुमारे 29 ग्रॅमचं जाडजूड नाणं पाडायला सुरुवात केली. नाण्याला लोक म्हणायचे योआखिमस्टालर, 'योआखिमच्या खोऱ्यातलं'. एवढं लांबलचक नाव बाजारात कोण घेत बसणार? सुरुवातीचं गळालं, उरलं नुसतं 'टालर', म्हणजे 'खोऱ्यातला'.

गंमत इथं आहे. चपलेला आपण 'कोल्हापुरी' म्हणतो. 'चप्पल' गळली, गावाचं नाव राहिलं. त्यांच्याकडं उलटं झालं. उद्या कुणी 'कोल्हापुरी' आखडून 'पुरी' म्हणायला लागला आणि जगभर चपलेला पुरीच म्हणू लागले, तर जे होईल ते टालरचं झालं. डच तोंडात त्याचं 'डालडर' झालं, इंग्रजीत 'डॉलर'. म्हणजे अमेरिकेच्या चलनाच्या नावाचा मूळ अर्थ 'खोरेकर'. खोरं कुठलं, ते कुणाच्या लक्षातही नाही.

आता खाणीच्या आतलं. खनिजाच्या या पट्ट्यांना मराठीत काय म्हणावं, असंही बाईंनी जाता जाता विचारलंय. माझं मत 'शीर'. पाणाड्याही जमिनीखालच्या पाण्याला शीरच म्हणतो, आणि घडतंही तसंच. तिथं अभ्रक असलेल्या जुन्या थरदार खडकाखाली सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आहे. खडकाला भेगा पडल्या, भेगांतून खोलवरचं गरम खनिजपाणी वर आलं आणि वाटेत चांदी, कोबाल्ट, निकेल, बिस्मथ, युरेनियम असं काय काय टाकत गेलं. भेग बुजली की झाली शीर. काही ठिकाणी चांदी तारांच्या गुंत्यासारखी, जशीच्या तशी सापडायची.

या शिरांची नावं मला फार आवडतात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या शिरांना तिथले खाणकामगार 'सकाळच्या शिरा' म्हणत आणि उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना 'मध्यरात्रीच्या शिरा'. अंधारात कंदील घेऊन उतरणाऱ्या माणसांनी दिशांना वेळेची नावं दिली. सकाळ म्हणजे पूर्व, मध्यरात्र म्हणजे उत्तर. आपल्याकडं शेताची शीव सांगताना 'उगवतीचा बांध', 'मावळतीचा बांध' म्हणतात, तीच रीत. आपण फक्त उत्तरेला रात्र केली नाही. चांदी जास्त असायची ती मध्यरात्रीच्या शिरांत.

वरची चांदी सरत आली तसं खाली एक काळं, जड, डांबरासारखं चमकणारं खनिज लागू लागलं. ते दिसलं की चांदी संपली असं समजायचे आणि बाहेर ढिगावर फेकायचे. साडेतीनशे वर्षांनी याच गावातल्या त्या काळ्या खनिजाच्या चोथ्यातून मेरी आणि पिएर क्युरींनी रेडियम शोधलं, ते 1898 साल. पण तो वेगळा विषय. आपण रुपयाकडं वळू.

रुपया कुठल्याच खाणीचा नाही. तो 'रूप' या शब्दातून आला. पाणिनीचं सूत्रच आहे, 'रूपादाहतप्रशंसयोर्यप्'. 'आहत' म्हणजे ठोकलेलं. ज्यावर रूप ठोकून उठवलंय ते 'रूप्य'. अमरकोशात तर सोनं असो वा चांदी, ठोकून नाणं केलं की दोन्ही रूप्यच. पुढं हे नाव चांदीलाच चिकटलं. त्यातून आपलं 'रुपे', 'रुपेरी' आणि रुपया. शेरशाह सूरीनं सोळाव्या शतकात सुमारे साडेअकरा ग्रॅमचं चांदीचं नाणं पाडून या नावाचा जम बसवला. त्याच्या टाकसाळी बसल्या तेव्हा बोहेमियातला टालर वीस-पंचवीस वर्षांचा होता. (याच अमरकोशात चांदीला 'दुर्वर्ण' असंही नाव आहे. सोनं सुवर्ण, मग चांदी दुर्वर्ण! हुपरीत हे मोठ्यानं वाचू नका.)

म्हणजे डॉलरनं जन्मगाव नावात ठेवलं, रुपयानं अंगावरचा ठसा. पोराला एवढं सांगितलं तरी पुरे. आणि ठसा म्हणजे काय हे दाखवायचं असेल तर नाणं शोधत बसू नका, कुणाच्या तरी देवघरातला टाक घेऊन जा. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून उठवलेला देव. गेल्या नवरात्राआधी आमच्या काकूंबरोबर मी गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात, टाक उजळायला गेलो होतो. घरातला ज्योतिबाचा टाक, पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनं घासलेला. घोड्याचे पाय पुसटलेले, देवाचं नाक तर गेलेलंच. सोनारानं तो उजेडाकडं धरून फिरवला आणि म्हणाला, "काकू, चांदी चांगली आहे, पण रूप गेलंय. नवा ठोकून घ्या."