सात लाख किलोमीटर झालेला १६१३ धडधडतो, म्हणून लगेच हेड उतरवू नका

भाऊ, तुमची तक्रार दोनदा वाचली. २००४ चा टाटा १६१३ ट्रक, गेल्या महिन्यात घेतलेला, मीटरवर सात लाखांच्या वर. स्लोला (रेस न देता) ठेवला की केबिनसकट धडधडतो. सकाळी पहिली पाच मिनिटं पांढरा धूर. पुण्याहून माल भरून खंबाटकी घाटाला लागलं की मागे काळा धूर, आणि मधूनच कधीतरी गाडी दम सोडते. फिटर म्हणतो हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवू, लायनर-पिस्टन बघू, इंजिन बांधूनच टाकू. विकणारा म्हणतो फक्त डिझेलचा पंप दाखवून घ्या.

दोघांचंही इतक्यात ऐकू नका. पंप आणि हेड, दोन्ही कामं शेवटची. एकदा केली की पैसे गेले, आणि मूळ दोष दुसरीकडेच असेल तर गाडी पुन्हा तशीच धडधडत दारात उभी राहते. हे मी स्वतः भोगलंय, पुढे सांगतो.

तुमच्या गाडीला एकच आजार आहे असं मला वाटत नाही. इतक्या चाललेल्या गाडीत तीन-चार बारीक दुखणी एकत्र नांदत असतात. एक खूण लक्षात ठेवा. दम सोडताना मागे काळा धूर असेल तर डिझेल पोचतंय, पण नीट जळत नाही: हवा कमी पडतेय, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल उडवणारं तोंड) फवारा धरत नाही, किंवा डिझेलच जास्त सोडलंय. दम सोडताना धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. तुमच्या लिहिण्यावरून दोन्ही प्रकार होतायत असं दिसतं. म्हणून पुढच्या फेरीला क्लीनरला आरशात बघायला सांगा आणि प्रत्येक वेळी धूर होता की नव्हता ते विचारा. या इंजिनाला सेन्सर नाहीत, स्कॅनर लावायला जागा नाही. कान, नाक आणि हात एवढंच हत्यार.

सुरुवात फुकटच्या गोष्टींनी. गाडी थंड असताना ऑइलची पट्टी काढा. ऑइल खुणेच्या वर चढलंय आणि डिझेलचा वास येतोय का? तसं असेल तर फीड पंपातून (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) किंवा गळक्या नोझलमधून डिझेल खाली उतरतंय आणि आधी तेच बघावं लागेल, कारण पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, मग मात्र तुमचा फिटर बरोबर. मग इंजिन ज्यांवर बसतं ती फाउंडेशनची रबरं टॉर्च लावून बघा. ती बसलेली असली तर सहाही सिलिंडर व्यवस्थित मारत असताना केबिन थरथरते, आणि लोक नोझलवर पैसे घालत बसतात.

आता डिझेलची वाट. टाकी, पाईप, फीड पंप, फिल्टर, नोझलला दाबाने डिझेल देणारा मोठा पंप, नोझल. तपासायचं याच क्रमाने, उलट्या नाही.

टाकी ते फीड पंप हा भाग सगळ्यात फसवा. इथे डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे पाईपला चीर गेली तरी डिझेल गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि इंजिन मिस मारतं. माझी पहिली गाडी याच रोगाने दोन महिने छळत होती. कराडहून निघाली की पुण्यापर्यंत झकास, परतताना साताऱ्याच्या आसपास धडधड आणि ओढ गायब. मी मोठा पंप उतरवून बेंचवर (पंपवाल्याच्या तपासणीच्या यंत्रावर) नेला, पंपवाल्याने नवे एलिमेंट (प्रत्येक सिलिंडरला डिझेल ढकलणारे दट्टे) घातले, ते पैसे गेले. गाडी तशीच. पुन्हा नेला, पुन्हा तपासला, पंप ठीक. त्याचा काही दोष नव्हता, मीच पंप घेऊन गेलो होतो, त्याने पंप बघितला. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने मला एवढंच विचारलं, "टाकीत डिझेल किती असताना त्रास होतो?" टाकी उघडली तर आतल्या ओढ-नळीला मधोमध केसाएवढी चीर. डिझेल चिरेच्या वर असेपर्यंत कळत नव्हतं, खाली गेलं की नळी हवा ओढायची. नळीला डाग दिला, झाळलं, संपलं.

म्हणून पहिली चाचणी कॅनची. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, फीड पंपाच्या वर येईल असा टांगा, आणि टाकीचा पाईप सोडून फीड पंपाला थेट कॅनमधून डिझेल द्या. हवा काढा आणि चालवा. धडधड गेली तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये आहे. नाही गेली तर तेवढा भाग निर्दोष. अर्ध्या तासाचं काम. जमलं तर फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाईप जोडा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

कॅन काढण्याआधी फीड पंपाची जाळी साफ करा. ती तिथे आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. दोन्ही फिल्टर बदला, वाट्यांच्या तळाचा गाळ बघा, पाणी असेल तर टाकीही धुवायला लागेल. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं वॉशर गेलेलं असलं की पाणी हमखास उतरतं. बॅन्जो बोल्टची (डिझेलचे पाईप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याची वॉशरं जुनीच परत घालू नका. रुपयांत मोजायची वस्तू आणि तिच्यापायी माणूस रस्त्यावर रात्र काढतो. पंपातलं जास्तीचं डिझेल परत सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंगही याच वेळी बघा. ती ढिली झाली की पंपाच्या पोटात दाब टिकत नाही, मोकळी गाडी बरी चालते आणि भरलेली मरते.

इथपर्यंत करून स्लोची धडधड राहिली, तर सिलिंडर कापून बघा, म्हणजे एकेकाचं डिझेल तोडून बघा. इंजिन गरम, स्लोवर. नोझलकडच्या पाईपचा नट अर्धा फेरा सैल करा, त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर पडेल. चांगला सिलिंडर कापला की इंजिन लगेच लंगडतं, आवाज बदलतो. कापूनही काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच मेलेला. नट आवळा, पुढचा घ्या. पंख्याकडचा पहिला धरून सहाही करा आणि कागदावर लिहा. कापल्यावर ठकठक थांबली किंवा धूर निवळला, तर तिथलं नोझल टपकतंय असं समजा. हात मात्र जपा. त्या पाईपात दोनशे बार किंवा त्याहूनही जास्त दाब असतो आणि बारीक फवारा कातडी फोडून आत जातो. डोळ्यावर चष्मा, नटावर जाड फडकं, आणि सैल म्हणजे सैल, काढायचा नाही. असं डिझेल बोटात शिरलं तर वरून टाचणीएवढं भोक दिसतं, पण तडक दवाखाना गाठायचा, रात्र काढायची नाही.

समजा चार नंबर मेलेला निघाला. लगेच नवं नोझल आणू नका. चारचं नोझल दोनला घाला, दोनचं चारला, आणि पुन्हा कापा. दोष नोझलबरोबर दोनला गेला तर नोझल खराब. चारलाच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट), व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) किंवा पंपातलं चारचं एलिमेंट. नोझल काढताना भोकात जुनं वॉशर चिकटून राहिलंय का ते टॉर्चने बघा. जुन्यावर नवं बसलं की नोझल उंच बसतं, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि नवीन नोझलही काळा धूर करतं. सात लाखांच्या गाडीत मी असं दोनदा बघितलंय.

नोझल बेंचवर द्यायची तर सहाही द्या आणि सगळ्यांचा दाब सारखा लावून घ्या. फवारा स्वतः उभं राहून बघा. धुक्यासारखा उडाला पाहिजे, शेवटी टोकाला थेंब लोंबता कामा नये.

टॅपेट हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. इंजिन पूर्ण थंड हवं. टाटाच्या ६९७ इंजिनाचा मारण्याचा क्रम १-५-३-६-२-४, म्हणून जोड्या १-६, ५-२, ३-४. सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह झोका घेत असतील, म्हणजे एक मिटत आला आणि दुसरा उघडू लागला, तेव्हा एक नंबर भरायचा, म्हणजे त्याची फट लावायची. मग पाचसाठी दोनचा झोका, तीनसाठी चारचा, असं क्रमाने. माझ्या ६९७ ला मी इनलेटला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलीमीटर ठेवतो, जुने फिटर त्याला आठ आणि बारा (इंचाचे हजारावे भाग) म्हणतात. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर पुस्तिकेचं धरा. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित घासत सरकला पाहिजे. आवाज कमी येतो म्हणून घट्ट भरणारे फिटर असतात, त्यांच्यापासून लांब राहा. टकटक करणारा टॅपेट नुसता कानाला त्रास देतो, घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

आता घाटातला काळा धूर. आधी एअर फिल्टर. झटकून परत घातलेला नको, नवाच. मग टर्बोपासून (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक रबरी होज हाताने दाबून बघा, क्लिपा आवळा. फुटलेल्या होजच्या तोंडाशी तेलकट काळा डाग दिसतो आणि रेस दिल्यावर फुस्स आवाज येतो. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा. किंचित आडवा हलला तर चालेल, पण पंखा घरावर घासत असेल किंवा शाफ्ट पुढे-मागे सरकत असेल तर टर्बो गेला.

हे सगळं ठीक निघालं तर पंपाच्या डिझेल कमी-जास्त करायच्या स्क्रूचं सील बघा. जुन्या मालकांची ही खोड फार जुनी. गाडी १३० हॉर्सपॉवरच्या आसपासची, मालासकट १६ टनांची, नावातच लिहिलंय. तिच्यात वीस टन भरायचे आणि ओढत नाही म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायचं. चार दिवस गाडी पळते, ड्रायव्हर खूश. पण जास्तीचं डिझेल पुरेशा हवेशिवाय जळत नाही, एक्झॉस्ट तापतं, पिस्टनचं डोकं आणि टर्बो भाजतात, ॲव्हरेज खाली जातं. सीलची तार तुटलेली किंवा कुठलीतरी साधी तार गुंडाळलेली दिसली, तर तुमच्या गाडीचं असंच झालंय. तो स्क्रू स्वतः अंदाजाने मागे फिरवू नका. या एका कारणासाठी पंप बेंचवर नेणं मला मान्य आहे. मायकोचा पंप (२००८ पासून कंपनीचं नाव बॉश झालं, पंपवाल्याच्या तोंडी मायकोच) तपासताना सहाही एलिमेंट सारखं डिझेल देतात का हे विचारा. एकूण किती देतो यापेक्षा हे महत्त्वाचं. परत बसवताना टायमिंगची खूण तर जुळवाच, पण कपलिंगच्या पत्र्यांत खेळ आहे का तेही बघा. खेळ असेल तर खूण जुळूनही टायमिंग मागे पडतं, आणि सकाळचा पांढरा धूर त्यानेही येतो.

इंजिन खरंच संपलंय का? गरम इंजिन स्लोवर ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर वयाच्या मानाने ठीक. उडून पडलं, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा सोडणारी नळी) भका-भका वाफ येतेय आणि दर शंभर किलोमीटरला ऑइल घालावं लागतंय, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. तेव्हाही हेड उतरवण्याआधी नोझलच्या भोकातून कॉम्प्रेशन मोजून घ्या, बॅटरी पूर्ण चार्ज असताना. सहाही सारखे खाली असतील आणि गाडी चालू होत असेल तर ती अजून बरेच दिवस ओढेल, पैसे साठवा. एकच खूप खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचं काम, सगळं इंजिन बांधायची गरज नाही.

एक विनंती. एका वेळी एकच काम करा आणि मधे गाडी चालवून बघा. फिल्टर, नोझल, टॅपेट सगळं एका दिवसात केलं आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही. बिघडली तर त्याहून पंचाईत.

फाउंडेशन आणि कॅनची चाचणी या रविवारी उरकून घ्या. सहा सिलिंडर कापल्याचा कागद झाला की इथे टाका, बघून सांगतो. आणि त्या म्हाताऱ्या फिटरने मला विचारलेलं तुम्हालाही विचारतो: धूर नसताना गाडी दम सोडते, तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?